निळ्या गाण्याचें गांव

इटली देश नकाशावर बुटासारखा दिसतो, हें शाळेंतील लहान मुलांसही ठाऊक असतें. त्या बुटाच्या टांचेकडील प्रांताचें नांव पुल्या. पूर्वेस एड्रियाटिक समुद्र, खालीं चुनखडीचा खडक, वर तांबडी माती, आणि त्या मातींत पिढ्यान् पिढ्या उभीं असलेलीं, पिळवटलेल्या खोडांचीं ऑलिव्हचीं झाडें, असें या प्रांताचें स्थूल स्वरूप आहे. शेतांचे बांध चुना न वापरतां, नुसता दगडावर दगड रचून उभारलेले असतात. प्रांताचें मुख्य नगर बारी. तेथून आगगाडीनें आग्नेयेस सुमारें अर्धा तास प्रवास केला म्हणजे पोलिन्यानो आ मारे, अर्थात् समुद्राकांठचें पोलिन्यानो, हें लहानसें गांव लागतें.

हा लोहमार्ग एके काळीं मुंबईच्या वाटेवरचा होता, हें सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल. १८७० पासून १९१४ पर्यंत लंडनहून निघालेली हिंदुस्थानची डाक खास आगगाडीनें याच किनाऱ्यावरून ब्रिंदिसी बंदरास येत असे, आणि तेथें आगबोटीवर चढून सुएझच्या कालव्यांतून मुंबईस पोहोंचत असे. आपल्या आज्यापणज्यांच्या हातीं पडलेलें एखादें विलायती पत्र पोलिन्यानोच्या स्थानकावरून पुढें गेलेलें असण्याचा पुष्कळ संभव आहे. आम्ही तेथें गेलों तें एका गाण्याच्या ओढीनें. गाणें १९५८ सालचें, जातीचें प्रेमगीत, चाल अगदीं लौकिक. सोंवळ्या अभिरुचीच्या घरांत अशा गाण्यास सहसा पाट मांडला जात नाहीं. तथापि त्याची सर्व हकीकत ऐकल्यावर त्यास पंक्तीस घेण्यास कोणाची हरकत राहूं नये, अशी आमची समजूत आहे. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त बारीस असतो, तोच दुभाषा म्हणून आमच्याबरोबर होता.

जुन्या गांवांत शिरावयाचें तें एका कमानदार वेशींतून. गल्ल्या अरुंद, भिंती पांढऱ्या, घरें एकमेकांस खांदा देऊन उभीं. मधल्या चौकांत मेरीमातेच्या स्वर्गारोहणास वाहिलेलें जुनें देवालय आहे. कोणा हौशी कवीनें दारांवर, पायऱ्यांवर आणि भिंतींवर रंगानें कवितेच्या ओळी लिहून ठेविल्या आहेत, त्यामुळें वाट चुकणारा मनुष्यही रिकामा परत येत नाहीं. गल्ली संपते तेथें अकस्मात् कठडा येतो, आणि कठड्याखालीं एकदम समुद्र! सारें जुनें गांव उभ्या कड्याच्या अगदीं धारेवर वसलें आहे, आणि लाटांनीं त्याखालचा खडक पोखरून मोठमोठ्या गुहा केल्या आहेत. वर माणसें जेवीत असतात आणि त्यांच्या पायांखालीं समुद्र घुमत असतो. येथें 'विशेष कॉफी' म्हणून एक पेय मिळतें. तिच्यांत मलई, लिंबाची साल आणि बदामाच्या वासाचें गोड मद्य घालतात. "काका, मद्य वगळून मिळेल का, विचारूं?" असें पुतण्यानें हळूच विचारलें. वगळून मिळाली, आणि उत्तम होती.

वेशीबाहेर एक खोल घळ आहे. पावसाचें पाणी वाहून नेणाऱ्या अशा कोरड्या घळींस या प्रांतांत 'लामा' म्हणतात. घळ जेथें समुद्रास मिळते तेथें दोन कड्यांच्या मध्यें पांढऱ्या गोट्यांची चिमुकली चौपाटी झाली आहे. सम्राट् ट्रेजन यानें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं बेनेवेंतोपासून ब्रिंदिसीपर्यंत जो राजमार्ग बांधविला, तो याच घळींतून जात होता. आतां वरून उंच पूल आहे. पुलावर उभें राहिलें असतां समुद्र तीन रंगांचा दिसतो: कांठाशीं हिरवट, पुढें आकाशासारखा, आणि दूर क्षितिजापाशीं गर्द. इटालियन भाषेंत या छटांस वेगवेगळे शब्द आहेत. फिकट ती चेलेस्ते, आकाशाची ती अझ्झुर्रो, आणि गर्द ती ब्लू. आमचें गाणें यांतील तिसऱ्या छटेचें आहे.

पूल ओलांडून समुद्राकांठच्या रस्त्यानें थोडें पुढें गेलें म्हणजे कांशाचा एक पुतळा दिसतो. उंची सुमारें तीन मीटर. अंगरखा वाऱ्यावर उडालेला, मान किंचित् वर, आणि दोन्ही बाहू पूर्ण पसरलेले. हा दोमेनिको मोदून्यो. पुतळा घडविला हेर्मान मेयेर नामक आर्जेंटिनाच्या शिल्पकारानें, आणि त्याचें अनावरण झालें २००९ सालीं. त्याच्यासमोर दिवसभर प्रवाशांची रीघ असते. प्रत्येकजण तसेच हात पसरून आपलें छायाचित्र काढवून घेतो आणि गाण्यांतील एक शब्द ओरडतो: व्होलारे! म्हणजे उडणें.

मोदून्योचा जन्म ९ जानेवारी १९२८ रोजीं याच गांवीं झाला. बाप नगरपालिकेच्या पोलिसांत नोकरीस. मुलगा लहान असतांनाच बापाची बदली दक्षिणेकडे ब्रिंदिसी जिल्ह्यांतील सान प्येत्रो वेर्नोतिको या गांवीं झाली, आणि तेथेंच मुलगा वाढला. तेथील बोली पोलिन्यानोच्या बोलीहून अगदीं निराळी, सिसिली बेटाच्या बोलीस जवळची आहे. गिटार आणि अ‍ॅकॉर्डियन हीं वाद्यें तो बापापाशींच शिकला. तारुण्यांत घर सोडून तो उत्तरेस तूरिन शहरीं गेला, तेथें मोलमजुरी केली, आणि पुढें रोम येथें चित्रपटविद्येच्या शाळेंत दाखल झाला. त्याचीं आरंभींचीं गाणीं बोलींत आहेत. त्यांतील एक मासेमाराच्या जाळ्यांत सांपडलेल्या तलवारमाशाच्या मादीचें आहे. मादी पकडली जाते, नर निसटूं शकत असतांही जात नाहीं, तिच्यापाशींच मरण पत्करतो. ही कथा आम्हांस कळली तेव्हां तमसातीरींचें क्रौंचमिथुन आठवल्यावांचून राहिलें नाहीं. ज्या शोकांतून आपल्या आदिकाव्याचा जन्म झाला, तोच शोक एका खेडवळ मुलाला समुद्रावर सांपडला होता.

हीं बोलींतील गाणीं सिसिलीचीं वाटत, आणि सिसिलीचें नांव रोमच्या श्रोत्यांस ओळखीचें. तेव्हां हा तरुण सिसिलियन म्हणूनच प्रसिद्ध झाला, आणि त्यानेंही तें चालूं दिलें. जन्मगांवाचें नांव मागें पडलें. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिचा संबंध येणार आहे.

प्रस्तुत गाण्याचें नांव 'नेल ब्लू, दिपिंतो दि ब्लू', म्हणजे 'निळ्यामध्यें, निळ्या रंगानें रंगलेला'. शब्दरचना मोदून्यो व त्याचा मित्र फ्रांको मिल्याच्ची या दोघांची, चाल मोदून्योची. मिल्याच्ची असें सांगत असे कीं, मार्क शागाल या चित्रकाराच्या चित्रांच्या प्रती त्याच्या खोलींत होत्या. एका चित्रांत चित्रकाराचें अर्धें मुख निळें रंगविलेलें होतें, आणि त्यावरून ही कल्पना सुचली. गाण्यांतील प्रियकर आपलें स्वप्न सांगतो. त्यानें हात आणि तोंड निळें रंगविलें, वाऱ्यानें त्यास उचललें, आणि तो अनंत आकाशांत उडूं लागला. खालचें जग लहान होत होत दिसेनासें झालें. परंतु पहाट होते, आणि स्वप्नें मावळत्या चंद्राबरोबर निघून जातात. येथें सामान्य कवि रडूं लागला असता. हा रडत नाहीं. तो म्हणतो, माझें स्वप्न सरलें नाहीं, कारण तेंच निळें मला तुझ्या डोळ्यांत दिसतें, आणि खालीं, येथें, तुझ्यापाशीं असण्यांतच मला सुख आहे.

संस्कृतज्ञ वाचकांच्या मनांत एव्हांना मेघदूत आलेंच असेल. उत्तरमेघांत यक्ष आपल्या प्रियेस निरोप धाडतो कीं, स्वप्नांत तूं कशीबशी भेटलीस म्हणजे तुला आलिंगन देण्यासाठीं मी रित्या आकाशांत बाहू पसरतों, आणि तें पाहून वनदेवतांच्या डोळ्यांतून मोत्यांएवढे अश्रु गळतात. स्वप्न, आकाश आणि पसरलेले बाहू, तीनही गोष्टी दोन्हीकडे आहेत. भेद इतकाच कीं, यक्षाची प्रिया अलकेंत आहे आणि ह्याची जवळ आहे. म्हणून कालिदासाचें काव्य विरहाचें, आणि हें गाणें विरह टळल्याच्या आनंदाचें. कालिदासाच्या शेजारीं या गीतास बसवावें असा आमचा हेतु नाहीं. मनुष्याच्या हृदयांतील एक खूण दोन दूरच्या देशांत सारखी उमटली, एवढेंच दाखवावयाचें आहे.

सान रेमो हें इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील नगर. तेथें दरसाल गीतांचा उत्सव भरतो, आणि नव्या गीतांत स्पर्धा होते. त्या काळीं एकेक गीत दोन गायकांकडून गाववून घेत. १९५८ च्या उत्सवांत हें गीत मोदून्यो आणि जॉनी दोरेल्ली या दोघांनीं गायिलें. तोंपर्यंत गायकानें रंगमंचावर हात छातीपाशीं धरून, अदबीनें उभें राहून गावें असा शिष्टाचार होता. मोदून्योनें गातां गातां दोन्ही बाहू पसरले. एवढ्याशा गोष्टीनें सभागृह थरारलें, आणि गीताला पहिला क्रमांक मिळाला. पुतळ्याची मुद्रा त्या क्षणाची आहे.

सान रेमोचें विजयी गीत युरोपीय राष्ट्रांच्या गीतस्पर्धेस जात असे. त्या वर्षीं ती स्पर्धा १२ मार्च रोजीं नेदरलँड्समधील हिल्व्हर्सुम या गांवीं झाली. दहा राष्ट्रें, दहा गीतें. इटलीचा क्रमांक पहिला आला. परंतु प्रक्षेपणांत कांहीं बिघाड होऊन कित्येक देशांत गाणें नीट पोहोंचलें नाहीं, म्हणून सर्वांचें झाल्यावर मोदून्योस तें पुनः गावें लागलें. प्रत्येक राष्ट्राचे दहा परीक्षक, आणि प्रत्येक परीक्षकास एकच मत, तेंही स्वतःच्या राष्ट्रास देतां येत नसे. फ्रान्सच्या आंद्रे क्लाव्हो यास २७ मतें पडलीं, स्वित्झर्लंडच्या लीस आसिया हिला २४, आणि आमच्या गाण्यास १३. जे नव्वद परीक्षक त्यास मत देऊं शकत होते, त्यांपैकीं सत्याहत्तर जणांनीं तें दुसऱ्या कोणास तरी दिलें.

ज्यानें उभा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यांत घालविला, त्यास हे आंकडे पाहून कांहीं वेळ गप्प बसावें लागतें. कारण पुढचा निकाल असा आहे. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें तें गीत अमेरिकेंत बिलबोर्डच्या यादींत पहिल्या स्थानीं चढलें आणि एकूण पांच आठवडे तेथें राहिलें. १९५९ सालीं ग्रॅमी पारितोषिकें प्रथमच देण्यांत आलीं, तेव्हां वर्षांतील उत्तम ध्वनिमुद्रण आणि वर्षांतील उत्तम गीत हे दोन्ही मान त्यास मिळाले. २००५ सालीं त्या युरोपीय स्पर्धेच्या पन्नास वर्षांनिमित्त सर्व काळांतील निवडक गीतांवर मतें घेतलीं, त्यांत हें दुसरें आलें. १९५८ च्या विजयी गीताचें नांव आज अभ्यासकांखेरीज फारशा कोणास आठवत नाहीं. मोदून्यो मात्र परीक्षकांवर रुसला नाहीं. १९५९ सालीं तो पुनः गेला आणि सहावा आला. १९६६ सालीं तिसऱ्यांदा गेला, तेव्हां त्यास एकही गुण मिळाला नाहीं. चक्क शून्य! तेंही गीत इटलींत आजवर आवडीनें ऐकलें जातें.

हें गीत लोकांनीं इतकें जवळ कां केलें, याचें उत्तर त्या काळच्या दक्षिण इटलीकडे पाहिलें म्हणजे मिळतें. जमीन थोडी, हात पुष्कळ. म्हणून गांवेंच्या गांवें उत्तरेस आणि परदेशीं चाललीं होतीं. १९५५ च्या अखेरीस इटलीनें पश्चिम जर्मनीशीं मजूर पाठविण्याचा करार केला. १९५६ च्या ऑगस्टांत बेल्जममधील मार्सिनेल येथील कोळशाच्या खाणींत आग लागून २६२ मनुष्यें मेलीं, त्यांत १३६ इटालियन होते. जमिनीच्या पोटांत उतरणाऱ्या अशा माणसांच्या कानीं दोन वर्षांनीं आकाशांत उडण्याचें गाणें पडलें.

पुतळ्याजवळच्या बांकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. वय पंच्याऐंशींच्या घरांत. आम्ही शिक्षक होतों असें पुतण्यानें सांगतांच त्यांनीं टोपी काढून 'माएस्त्रो' म्हणून आदरानें जागा करून दिली. इटलींत शाळामास्तरास आणि संगीताच्या आचार्यास हा एकच शब्द आहे. १९६० सालीं विसाव्या वर्षीं ते जर्मनीस कारखान्यांत कामास गेले आणि बावीस वर्षांनीं परतले. ते म्हणाले, "तिकडे आम्हांस कोणी फारसें बोलावीत नसे, आमची भाषाही कोणास येत नसे. पण तें गाणें साऱ्यांस येई. मुकादम देखील शीळ घाली. तेवढा वेळ आम्ही कोण आहों हें त्यांस ठाऊक आहे, असें वाटे."

आम्हीं विचारलें, "मग गांवास त्याचा मोठा अभिमान असेल?"

वृद्ध गृहस्थ हंसले. "माझ्या आईस नव्हता. ती म्हणे, ज्यानें आपल्या गांवाचें नांव लपविलें, त्याचें गाणें माझ्या घरांत नको. रेडिओवर लागलें कीं ती उठून बंद करी. असें म्हणणारी ती एकटीच नव्हती."

या रुसव्याचा शेवट कसा झाला, तें सांगण्याजोगें आहे. १९८४ सालीं दूरदर्शनच्या एका कार्यक्रमाचें काम चालूं असतां मोदून्योस पक्षाघाताचा झटका आला. अंगाची एक बाजू दुबळी झाली, बोलणें अडखळूं लागलें. ज्या बाहूंनीं त्याची कीर्ति झाली होती, त्यांतील एक उचलणें कठीण झालें. पुष्कळ महिने उपचारांत गेले. परंतु तो घरीं बसून राहिला नाहीं. १९८७ सालीं तो रॅडिकल पक्षाच्या वतीनें इटलीच्या लोकसभेंत निवडून आला, आणि अपंगांच्या हक्कांसाठीं झटला. सिसिलींतील आग्रिजेंतो येथील मनोरुग्णालयांत रुग्णांचे जे अमानुष हाल चालले होते, त्यांविरुद्ध त्यानें आवाज उठविला. सिसिलीचें नांव त्यानें उसनें घेतलें होतें. तें ऋण त्यानें असें फेडलें, असें आम्हांस वाटतें.

जन्मगांवाचें ऋण बाकी होतें. २६ ऑगस्ट १९९३ रोजीं तो पोलिन्यानोस आला आणि हजारों लोकांपुढें गायिला. स्वर पूर्वीचा नव्हता, शरीर पूर्वीचें नव्हतें. गांवानें त्यास आपला म्हटलें, आणि त्यानेंही गांवास आपलें म्हटलें. "तुमची आई गेली होती का?" असें आम्हीं त्या गृहस्थांस विचारलें. "पंच्याहत्तर वर्षांची होती. दुपारपासून खुर्ची टाकून बसली," ते म्हणाले. "गाणें झाल्यावर मला म्हणाली, एवढ्या आजारांतून आला बिचारा, आतां त्याला काय बोलायचें." वर्ष पुरें होण्यापूर्वींच, ६ ऑगस्ट १९९४ रोजीं, लांपेदूझा बेटावरील आपल्या घरीं मोदून्योचा देहान्त झाला.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें आज परदेशीं आहेत, आणि घरोघरीं एखादी वडीलधारी बाई अशी असते कीं जी पत्राचें नांव निघतांच तोंड फिरविते आणि पत्र आलें कीं पहिल्यानें चष्मा शोधते. अशा घरांस हें गांव परकें वाटणार नाहीं. उडणाऱ्यानें मागें काय सोडलें, याचा हिशेब गांव विसरत नाहीं. पण तो दारांत उभा राहिला म्हणजे वही मिटून ठेवण्याची शक्तिही गांवालाच असते.

प्रवाशांस एकच सूचना करावीशी वाटते. पुतळ्यासमोर उभें राहून पाहणारास मागें अथांग निळा समुद्र दिसतो, आणि हा मनुष्य आतां उडणार असें वाटतें. परंतु क्षणभर त्याचें मुख कोणीकडे आहे तेंही पाहावें. पाठ समुद्राकडे आहे आणि मुख वस्तीकडे. उडावयास निघालेला मनुष्य असा उभा राहत नाहीं; दूरवरून घरीं आलेला मनुष्य असे हात पसरतो. गाण्याचा शेवटही तोच आहे. आकाश पाहून झालें, आतां खालीं, तुझ्यापाशीं, सुख आहे. आम्ही निघालों तेव्हां एक लहान मुलगी पुतळ्याच्या चौथऱ्यापाशीं हात पसरून उभी होती आणि तिची आजी तिला जेवावयास हांका मारीत होती.